अंग झाडल्याबिगर

भरे गावातून पिरंगुटच्या दिशेनं निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं उंच कुंपण लागतं. कुंपणावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. तिथं भाताची खाचरं होती तेव्हा बगळे उतरायचे. आता खिडक्या नसलेली एक लांबलचक पांढरी इमारत आहे आणि तिच्यात पांढरे उंदीर राहतात. गावात तिला ‘उंदरांचं हॉस्पिटल’ म्हणतात. या हॉस्पिटलातून बरं होऊन आजवर कुणी घरी गेलेलं नाही, पण नाव पडलं ते पडलं.

वाल्मीक तिथं मोठ्या हुद्द्यावर होता. गावचाच पोरगा, औषधशास्त्रात डॉक्टर झालेला, आणि नोकरी अशी की घरून डबा विसरला तरी मोटारसायकलवर परत जाऊन आणता येईल. त्याच्या कामाबद्दल घरात फारसं बोलणं व्हायचं नाही. तो उंदीर मारायचा, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

सध्याची चाचणी होती एका अगदी साध्या गोळीची. डोकं दुखलं, कंबर धरली की आपण पाण्याबरोबर गिळून टाकतो आणि विसरतो, ती गोळी. गोळी जुनी, पण तिचा कच्चा माल एका नव्या कारखान्यातून यायला लागला होता आणि त्यात कसलातरी अनोळखी अंश सापडला होता. त्यानं जनुकं बिघडतात का, एवढाच प्रश्न. उत्तर उंदरांच्या मांडीच्या हाडात असतं. त्यांना नळीनं औषध पाजायचं, कुणाला कमी, कुणाला जास्त, आणि एका गटाला नुसतं पाणी. मग ठरलेल्या वेळी मारायचं, मांडीचं हाड कापून आतला मगज, म्हणजे मज्जा, काढायचा, काचेवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेल्या जनुकांचे ठिपके शोधायचे. ठरलेली वेळ चुकली तर मगज निरुपयोगी, सगळे जीव फुकट. वायूनं मारलं तर मगजावर परिणाम होईल, म्हणून गिऱ्हाइकाची, म्हणजे चाचणी करून घेणाऱ्या औषधकंपनीची, अट होती की हातानंच मारायचं.

ते असं. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कवटीच्या मागं, मानेच्या खळगीत बसवायची. उजव्या हातात शेपटीचं मूळ धरायचं. एक झटका. ओली काडी मोडावी तसा बारीक आवाज होतो आणि संपतं. नवशिक्यांचा झटका अर्धवट बसतो, मग उंदीर किंचाळतो, हातमोज्यातून दात घुसवतो, रक्त दोघांचंही निघतं. वाल्मीकचं असं कधी होत नसे.

हा हात त्याला वडलांकडून आला होता. विठ्ठलराव हयात असेपर्यंत देवीच्या जत्रेत बोकडावर सुरी चालवायचा मान त्यांच्या घराकडे होता. विठ्ठलरावांनी डोळे मिटल्यावर वाल्मीकनं ‘मला असलं जमायचं नाही’ म्हणून मान भावकीला देऊन टाकला. गावानं तोंडावर काही म्हटलं नाही. देवीच्या बोकडाला नको म्हणणारा हात उंदरांवर मात्र चालतो, हे पारावर बसणाऱ्यांनी चघळायचं तेवढं चघळून घेतलं.

पण शिकलेला माणूस देव सोडतो, सवयी सोडत नाही. बोकड कापण्याआधी त्याच्या मानेवर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. बोकडानं डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं की तो त्याचा होकार. मगच सुरी. लहानपणी वाल्मीकनं एकदा आईला, तुळजाबाईंना, विचारलं होतं.

“आन न्हाई झाडलं तर?”

“तर सोडून द्यायचं. अंग झाडल्याबिगर सुरी लावायची न्हाई.”

“आन लावली तर?”

तुळजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “तर मग कुनीतरी झाडतंच,” त्या म्हणाल्या आणि खडा बाजूला टाकला.

तर वाल्मीकची सवय अशी की एक उंदीर झाला की हातमोजे नळाखाली धरायचे आणि दुसऱ्याला उचलण्याआधी पिंजऱ्यावर बोटं झटकायची. चार थेंब उंदराच्या मानेवर पडायचे. उंदीर अंग झाडायचा. मग वाल्मीक त्याला उचलायचा. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. तो मानत नव्हता, पण मोडतही नव्हता.

मोडायला लावलं ते गिऱ्हाइकाकडून आलेल्या तपासनीसबाईंनी. चैत्रातली सकाळ होती. बाहेर ऊन तापायला लागलं होतं आणि आत थंडगार होतं. बाईंनी वाल्मीकला पहिल्याच शिंपडण्याला थांबवलं.

“हे पाणी कशासाठी शिंपडताय?”

“हात धुतले, म्हणून…”

“पद्धतीत कुठं लिहिलंय? भिजलेला प्राणी बिचकतो. उद्या निकालात फरक आला तर तुम्ही काय सांगणार?”

काय सांगणार? उंदराचा होकार घेत होतो? वाल्मीकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “सॉरी मॅडम,” म्हणून त्यानं टॉवेलनं हातमोजे कोरडे केले आणि कोरड्या बोटांनी उंदीर उचलला. झटका दिला. आवाज झाला. उंदीर मेला. आभाळ कोसळलं नाही. बाईंनी समाधानानं मान हलवली, आणखी थोडे उंदीर मरताना पाहिले आणि कंपनीच्या मोठ्या साहेबांबरोबर चहा घेऊन पुण्याला निघून गेल्या.

टेबलाच्या पलीकडे पियूष हाडं कापत होता. हिंजवडीच्या एका टॉवरमध्ये राहणारा, रोज सकाळी सोसायटीच्या तलावात पोहून येणारा, उत्साही पोरगा. कातरीनं मांडीचं हाड दोन्ही टोकांनी छाटायचं आणि सुईनं आतला मगज नळीत उडवायचा, हे तो गुणगुणत करायचा. त्याच्या डोक्यावर छतातून एसीची नळी आली होती आणि ती कधीमधी ठिबकायची. तक्रार करून झाली होती.

पिंजरे आणून द्यायचं काम अनसूयाचं. ती वरच्या वाडीवरून यायची, कामाला बरी, तोंडाला तिखट. तिनं पुढचे पिंजरे ठेवले आणि तिथंच उभी राहिली.

“काय गं?”

“ह्ये बगा की सायेब. काय झालंय ह्यांना?”

उंदीर कधी गप्प बसत नाहीत. भुशात शिरतील, एकमेकांवर चढतील, जाळी कुरतडतील. हे उंदीर भुशावर चारी पाय टेकून उभे होते. सगळ्यांची तोंडं टेबलाकडे होती.

“जास्त डोसवाला गट आहे ना,” पियूष म्हणाला. “पेनकिलर आहे सर, सुन्न झाले असतील.”

वाल्मीकला ते पटलं. तपासनीसबाई गेल्याच होत्या. त्यानं नळ सोडला, बोटं ओली केली आणि झटकली. थेंब उंदराच्या मानेवर पडले, पांढऱ्या केसांवर मण्यांसारखे राहिले आणि घरंगळून भुशात गेले. उंदरानं अंग झाडलं नाही. वाल्मीकनं पुन्हा झटकली. नाही.

गोळीनं सुन्न झाला असेल तर ज्याला गोळीच दिली नाही त्यानं झाडायला हवं. चाचणी करणाऱ्या माणसाची अक्कल अशीच चालते. त्यानं अनसूयाला नुसतं पाणी दिलेल्या गटातला पिंजरा आणायला सांगितला. तिनं आणला. त्यातलेही तसेच उभे होते. त्यानं ओंजळभर पाणी टाकलं. उंदीर निथळत उभे राहिले, अंगाला चिकटलेल्या केसांतून त्यांची गुलाबी कातडी दिसायला लागली, आणि एकाचंही कातडं थरथरलं नाही.

गोळीचा संबंध तिथं संपला.

“सर, वेळ होतेय,” पियूष घड्याळाकडे पाहत म्हणाला. “तुमचा हात दुखत असेल तर मी घेतो थोडे.”

वाल्मीकनं खरं तर नको म्हणायला हवं होतं. त्याला भीती वाटली होती, आणि ती पोरासमोर दिसू नये म्हणून तो म्हणाला, “घे.”

पियूषचा पहिला झटका अर्धवट बसला. उंदीर किंचाळला नाही. मान तिरकी लोंबत असताना तो पियूषकडे पाहत राहिला. पियूषनं पुन्हा ओढलं. पुन्हा तो आवाज झाला, तरी पाय चालत राहिले. तिसऱ्यांदा त्यानं दात-ओठ खात इतक्या जोरानं हिसका दिला की शेपटीची कातडी सोलून त्याच्या मुठीत आली आणि उंदीर टेबलावर आपटला. पियूषनं जवळचा लोखंडी चिमटा उचलून त्याच्या डोक्यात घातला. एकदा नव्हे. त्याच्या चष्म्यावर रक्त उडालं.

“पियूष! बस. मेला तो.”

“सॉरी सर.” तो धापा टाकत होता. “मरतच नव्हता. मला… मला राग आला त्याचा.”

त्यानं चष्मा काढून बाहीला पुसला. तेवढ्यात वरच्या नळीतून एक थेंब त्याच्या मानेवर पडला.

रोज तलावात सूर मारणारा पोरगा. एका थेंबानं तो डोक्यापासून टाचेपर्यंत झाडला गेला. आधी डोकं, मग खांदे, मग पाठ, मग गुडघे, अगदी क्रमानं. वाल्मीकनं ते लहानपणी प्रत्येक जत्रेत पाहिलं होतं.

“बापरे, काय गार आहे!” पियूष हसला. “सर, मी स्वच्छ ट्रे घेऊन येतो.”

“पियूष, थांब,” वाल्मीक म्हणाला.

“का?”

काय सांगणार? सकाळचाच प्रश्न पुन्हा आला. “काही नाही. लवकर ये.”

पियूष शेजारच्या धुण्याच्या खोलीत गेला. तिथं धुतलेले पिंजरे रचलेली लोखंडी मांडणी असते, चाकांवरची, पुरुषभर उंच. वाल्मीक दाराकडे पाहत राहिला. पिंजऱ्यांतून कुरतडण्याचा आवाज सुरू झाला. एक उंदीर हलला, मग दुसरा, मग भुशात सगळीकडे खसखस झाली. वाल्मीकला क्षणभर बरं वाटलं.

मग शेजारून आवाज आला. लोखंड पडल्याचा मोठा आवाज नंतर आला. त्याच्या आधी एक आवाज आला, जो वाल्मीकनं सकाळपासून ऐकला होता, आयुष्यभर ऐकला होता. तोच आवाज, फक्त मोठा.

पियूष फरशीवर पालथा पडला होता. मांडणीची कड त्याच्या मानेवर होती आणि तोंड मात्र उलटं फिरून छताकडे झालं होतं. डोळे उघडे होते. कानातून रक्त येऊन धुण्याच्या पाण्यात मिसळत नाल्याकडे चाललं होतं. अनसूया भिंतीला चिकटून उभी होती.

“हात बी लावला न्हवता त्यांनी,” ती परत परत म्हणत होती. “ट्रे घ्यायला वाकलं नुसतं. आपसूक आलं त्ये. आईशप्पत सायेब, आपसूक आलं.”

ॲम्ब्युलन्स आली आणि रिकामी घाई करून गेली. पोलीस आले, त्यांनी धुण्याच्या खोलीला टाळं लावलं. साहेबांचा फोन आला. साहेब दुःखी होते, खरोखर दुःखी होते, पियूषच्या घरच्यांना तेच कळवणार होते. मग त्यांनी विचारलं.

“वाल्मीक, उरलेल्यांची वेळ अजून गेलेली नाही ना?”

“नाही सर. पण…”

“हे बघ, आज थांबलास तर सकाळपासूनचे सगळे जीव वाया जातील. पुन्हा नवे उंदीर, पुन्हा पहिल्यापासून. तू ठरव.”

वाल्मीकनं ठरवलं. घरी जाऊन अंगणात बसावं, उंदीर सोडून द्यावेत, नोकरी गेली तर गेली, असं त्याला मनापासून वाटलं. पण तो मनातल्या मनात घासाघीसही करत होता. सकाळी होकाराशिवाय जे मेले, त्यांच्या बदल्यात पियूष गेला. एवढा मोठा जीव गेला. भरपाई झाली असणार. आता उंदीर हलायलाही लागले होते, म्हणजे मिटलं असणार. भ्यालेल्या माणसाला पटायला फार लागत नाही.

तो खोलीत परतला. त्याला पाहताच उंदीर थांबले.

त्यानं प्रत्येकावर पाणी शिंपडलं. प्रत्येकासाठी थांबला. “झाड रे,” तो म्हणायला लागला. आधी मनात, मग मोठ्यानं. “झाड. एकदा झाड फक्त.” एकानंही झाडलं नाही. आणि वेळ तर जात होती. त्याचा अंगठा खळगीत बसत होता, शेपूट ताणली जात होती, मान मोडत होती. त्याचा हात कधी चुकत नसे, तो आता चुकायला लागला. एकाच्या तोंडातून रक्ताचा फुगा आला. एकाचं मुंडकं तुटून हातात राहिलं. त्यानं ओरडून ते भिंतीवर मारलं आणि पुढचा उचलला. कुणी चावलं नाही. कुणी सुटायची धडपड केली नाही. हे सगळ्यात वाईट होतं. चावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

शेवटचा उंदीर त्याच्या तळहातावर स्वतःहून येऊन बसला. वाल्मीकनं त्याच्यावर पाणी ओतलं. तो भिजला आणि वाट पाहत राहिला.

वाल्मीकनं त्यालाही मारलं.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. बातमी त्याच्या आधीच पोचली होती. बायको रेश्मा दारात उभी होती, तिचे डोळे रडून लाल झाले होते. ओट्यावर तुळजाबाई तांदूळ पाखडत होत्या. मोरीच्या दगडापाशी पाण्यानं भरलेली बादली आणि तांब्या ठेवला होता.

“मौतीवरनं आलायस,” तुळजाबाई म्हणाल्या. “आत शिरू नगंस. हितंच आंगूळ कर.”

“किमया कुठंय?” त्यानं आधी लेकीचं विचारलं.

“आत खेळतीया,” रेश्मा म्हणाली. “अहो, पानी गरम करून आनू का?”

“नको. दार लावून घे. किमयाला आत ठेव. माझ्याजवळ येऊ देऊ नकोस, कळलं का? एक थेंब अंगावर उडता कामा नये तिच्या.”

“आसं काय बोलताय?”

“लाव म्हटलं ना दार!”

रेश्मा घाबरून आत गेली. कडी लागल्याचा आवाज त्यानं ऐकला. मग तो दगडावर उकिडवा बसला.

वाटेत येताना त्याला सगळं समजलं होतं. नंतरही त्यानं होकाराशिवायच मारले होते, एकट्या पियूषनं भागणार नव्हतं. कुणीतरी झाडणारच होतं. आणि कुणीतरी झाडायचंच असेल तर ते आपण झाडायचं. किमयाला आता कुठं शाळेत घातलं होतं. ती रात्री त्याच्या पोटावर पाय टाकून झोपायची. याच्यापुढं त्याला काही विचारच करायचा नव्हता.

त्यानं तांब्या भरला आणि मानेवर ओतला.

पाणी टाकीचं, गार होतं. पाठीवरून ओघळून गेलं. तो वाट पाहत बसला.

काही झालं नाही.

दुसरा तांब्या. तिसरा. अंगावर काटासुद्धा आला नाही. पाणी कुणा दुसऱ्याच्या अंगावर पडत असावं तसं वाटत होतं. त्यानं मुद्दाम डोकं हलवलं, खांदे हलवले. त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं. सोंग आणि होकार यातला फरक त्याला जत्रेतल्या कुठल्याही पोरापेक्षा जास्त कळत होता.

“झाड,” तो स्वतःला म्हणाला. “झाड ना, भडव्या, झाड.”

त्यानं बादली दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्यावर पालथी केली. सगळं पाणी एकदम आदळलं आणि दगडावरून चहूकडे उडालं.

तो निथळत बसून राहिला. दगड हलत नाही, तसा.

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

किमया घरामागच्या परड्याच्या दारानं आली होती. तिच्या हातात त्याचा टॉवेल होता. तिच्या केसांवर, गालांवर, मानेवर पाण्याचे थेंब चमकत होते.

“पप्पा, टावेल,” ती म्हणाली. आणि तिनं अंग झाडलं. आधी डोकं, मग खांदे, मग पाठ, मग गुडघे.

ओट्यावर सुपाचा आवाज थांबला.

वाल्मीक उठला आणि त्यानं तिला उराशी घट्ट धरलं. टॉवेल तिच्याभोवती गुंडाळला, तिचं डोकं पुसलं, मान पुसली, पुसत राहिला. “पप्पा, गार लागतंय,” ती हसत म्हणत होती. त्याला तिला सोडायचं नव्हतं. तिला घेऊन कुठंही पळून जायला तो तयार होता.

मग त्याला जाणवलं की त्याचा डावा हात पुसायचा थांबला आहे. अंगठा आणि तर्जनी तिच्या मानेच्या खळगीत नीट बसली होती. त्यानं ती काढायला जोर लावला, आणि ती निघेनात.